हरकत नाही

"विहित मुदतीत एकही हरकत अथवा सूचना प्राप्त झालेली नाही, सबब…" हे वाक्य मी नोकरीत इतक्या वेळा लिहिलं की पुढे पुढे संगणकावर बसणाऱ्या पोराला "ते आपलं नेहमीचं टाक" एवढं सांगितलं तरी भागायचं. त्यातला 'सबब' दिसायला लहान. पण त्याच्यामागून करवाढ येते, रस्त्याची रुंदी येते, कुणाच्या परसावर बगिच्याचं आरक्षण येतं, आणि सगळं कायद्याला धरून येतं. एरवी आपण "काही हरकत नाही" म्हणतो आणि पाहुण्यापुढे दुसरा चहा ठेवतो. कागदावर तेच शब्द उमटले की अख्ख्या गावाने मान डोलावली, असा त्यांचा अर्थ होतो.

मी नगरपालिकांच्या सेवेत होतो. कर विभागात लिपिक म्हणून लागलो, कार्यालय अधीक्षक म्हणून सुटलो आणि मोहाडीला येऊन राहिलो. भंडारा जिल्ह्यातली मोहाडी. नाशिककडच्या माणसाला नुसतं मोहाडी सांगितलं की त्याला दिंडोरी तालुक्यातली द्राक्षांची मोहाडी आठवते. आमच्याकडे धान आहे, गायमुख नदीकाठची चौंडेश्वरी आहे आणि भंडारा-तुमसर रस्त्यावरून दिवसभर धावणाऱ्या गाड्या आहेत. निवृत्तीनंतर माझ्या बरोबरीचे लोक हरिपाठाला लागले. मी हरकती लिहून देतो. फी घेत नाही. छपरीत एक टेबल, दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या, कार्बन पेपर. घरात याला 'तुमची दुसरी कचेरी' म्हणतात, आणि म्हणण्याचा सूर कौतुकाचा नसतो.

येणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच: "आमाले कोनी इचारलंच नाही जी." याचं उत्तर द्यायला जरा मागे जावं लागतं.

राज्यघटनेच्या ७४व्या दुरुस्तीने १९९३पासून शहरांच्या कारभाराची तीन मापं ठरली: मोठ्या शहराला महानगरपालिका, लहान शहराला नगरपरिषद, आणि खेड्यातून शहराकडे सरकणाऱ्या गावाला नगरपंचायत. महाराष्ट्रात नगरपरिषदा आणि नगरपंचायतींचा कारभार १९६५च्या नगरपरिषद अधिनियमावर चालतो. त्यात नगरपंचायतीसाठी लोकसंख्येची आणि शेतीबाहेरच्या रोजगाराची अट होती. म्हणजे गाव खरोखर सरकतंय का, हे बघायचं. मग २०१४मध्ये शासनाने ठरवलं की तालुक्याच्या ठिकाणी ग्रामपंचायत असेल तर तिची नगरपंचायत करायची. त्या लाटेत आमच्या जिल्ह्यातली मोहाडी, लाखनी आणि लाखांदूर ही गावं नगरं झाली. गंमत बघा. याच मोहाडी तालुक्यात वरठी आहे. तिथे भंडारा रोड रेल्वे स्टेशन आहे, सनफ्लॅगचा पोलाद कारखाना आहे, तीन पाळ्यांत माणसं कामाला जातात. शेतीबाहेरचा रोजगार बघायचा तर तिथे बघावा. पण तहसील मोहाडीला, म्हणून नगर झाली मोहाडी आणि ग्रामपंचायत राहिली वरठी. गावाचा पिंड कोणी पाहिला नाही, तहसीलची पाटी पाहिली.

या बदलाने काय आलं ते सगळ्यांना दिसतं: मुख्याधिकारी आला, घंटागाडी आली, नगरोत्थानचा निधी आला, सिमेंटचे रस्ते आले. घरकुलाची रक्कमसुद्धा वाढली. प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण घराला १,२०,००० रुपये मिळत, नागरी योजनेत स्वतःच्या जागेवर बांधणाऱ्याला केंद्र-राज्य मिळून २,५०,०००. फक्त जागा स्वतःची असल्याचा कागद लागतो. आबादीतल्या घराला तीन पिढ्या उलटून गेल्या तरी आखीव पत्रिकेवर आजोबाच असतात, आणि काहींची तर पत्रिकाच नसते. वाढलेली रक्कम मग त्यांच्यासाठी जाहिरातीच्या फलकावरच राहते. रोजगार हमीचंही तसंच. २००५च्या केंद्रीय कायद्यातली १०० दिवसांची हमी ग्रामीण कुटुंबाला होती. ज्या बाईच्या हातात काल टोपलं-फावडं होतं, ती आज त्याच घरात राहून 'नागरी' झाली. तिच्या चुलीला हे कोणी कळवलं नव्हतं.

गेलं काय, ते मात्र लवकर लक्षात येत नाही. गेली ती ग्रामसभा.

ग्रामसभेचं मला भाबडं कौतुक नाही. वर्षाला किमान चार सभा घ्यायच्या, मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी तेवढी हजेरी लागते. अर्ध्या वेळा गणपूर्तीअभावी सभा तहकूब व्हायची आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, म्हणून दुसऱ्या वेळी वीस माणसांत उरकायची. शिपाई रजिस्टर घेऊन घरोघरी सह्या गोळा करायचा, हेही मी पाहिलंय. पण १५ ऑगस्टला शाळेच्या पटांगणात एखादा माणूस पंचा खांद्यावर टाकून उभा राहायचा आणि सरपंचाला म्हणायचा, "नालीचं सांग आधी, बाकी मंग." त्याला अर्ज लागत नव्हता, नमुना लागत नव्हता, मुदत नव्हती. सरपंचाला तोंड द्यावं लागे, कारण संध्याकाळी त्याच पानठेल्यावर दोघं भेटणार असत.

नगरपंचायतीत १७ प्रभाग, १७ नगरसेवक. लहान गावात एकेका प्रभागात मतदार काही शेच. इतका जवळचा प्रतिनिधी मुंबई-पुण्याच्या माणसाला स्वप्नातही मिळणार नाही, हे मान्य. सर्वसाधारण सभाही कायद्याने लोकांना खुली असते. पण तिथे नागरिकाने बसायचं आणि ऐकायचं, बोलायचं नगरसेवकाने. मोठ्या शहरांसारखी प्रभाग समिती इथे नाही. घटनेने ती तीन लाख किंवा त्याहून जास्त वस्तीच्या शहरांना सक्तीची केली आहे. राज्याने २००९मध्ये शहरांसाठी क्षेत्रसभेची तरतूद केली, ती पुस्तकात आहे. आणि सभेत खरा कस लागतो तो विषयपत्रिकेच्या शेवटी. 'मा. अध्यक्षांच्या परवानगीने येणारे आयत्या वेळचे विषय' असं तिथे छापलेलं असतं. ज्या विषयांची आधी कुणकुण लागू नये, ते चहा-चिवडा झाल्यावर इथून आत शिरतात. मी अधीक्षक असताना नव्या नगरसेवकांना एवढंच सांगायचो: पहिला विषय वाचला नाही तरी चालेल, शेवटच्या विषयाला जागे राहा.

२०२१च्या शेवटी ही जवळची निवडणूकही कशी होते ते आमच्या जिल्ह्याने पाहिलं. सर्वोच्च न्यायालयाने ओबीसी राखीव जागांना स्थगिती दिली आणि राज्यातल्या १०६ नगरपंचायतींचं मतदान दोन तुकड्यांत झालं: २१ डिसेंबरला बाकीच्या जागा, आणि त्या थांबलेल्या जागा सर्वसाधारण करून १८ जानेवारीला. मतमोजणी सगळ्यांची १९ तारखेला. मधला जवळजवळ महिना मतं पेटीबंद आणि गाव भाकितांत दंग.

तर तोंडाची जागा कागदाने घेतली. नागरी कायद्यात सामान्य माणसाला बोलायला जी फट ठेवली आहे तिचं नाव 'हरकत', आणि ती बहुतेक ठिकाणी तीस दिवस उघडी असते. घराच्या कर आकारणीला नगरपरिषद अधिनियमाच्या कलम ११९खाली तीस दिवस. विकास योजनेच्या प्रारूपाला नगररचना अधिनियमात तीस दिवस. एकतिसाव्या दिवशी 'सबब'.

इथे एक कबुली द्यायची आहे. एका पालिकेत, नाव सांगत नाही, कर आकारणीची जाहीर सूचना काढायचं काम माझ्याकडे होतं. कायदा सांगतो प्रसिद्धी द्या, म्हणून ती अशा वर्तमानपत्रात दिली ज्याचा अंक गावात फक्त आमच्याच कार्यालयात यायचा. फलकावर लावली, फलक काचेच्या कपाटात होता आणि कपाटापुढे जुन्या मतपेट्या रचलेल्या. वेळ निवडली धानाच्या रोवणीची. झाडीपट्टीत रोवणीच्या दिवसांत माणूस सकाळी बांधीत उतरतो तो अंधारात वर येतो. त्याला पालिकेचा रस्ता आठवत नाही. यातली एकही गोष्ट बेकायदेशीर नव्हती. मुदत संपली तेव्हा हरकती आल्या अकरा, घरं काही हजार. साहेबांनी पाठ थोपटली. आज हरकती लिहून देतो त्यात त्या शाबासकीचं थोडं देणं आहे.

कराचं गणित लोक समजतात तितकं अवघड नाही. घर भाड्याने दिलं तर वर्षाला काय येईल, ते धरायचं. समजा ६,००० रुपये. दुरुस्तीपोटी दहा टक्के, म्हणजे ६०० वजा. उरलेले ५,४०० हे करयोग्य मूल्य, आणि त्यावर सभागृहाने ठरवलेला टक्का. दर चार वर्षांनी हे नव्याने करतात. थकबाकीवर महिन्याला दोन टक्के शास्ती, म्हणजे वर्षाला चोवीस. एवढं तर सावकारही उघडपणे मागत नाही. गावातला सगळा मोर्चा, सगळ्या घोषणा त्या टक्क्याविरुद्ध असतात. पण ६,००० हा आकडा कोणी ठरवला? टेप आणि टॅब घेऊन दारात आलेल्या पोराने. त्याने छत कौलारू लिहिलं की आरसीसी, वापर राहता लिहिला की व्यापारी, यावर सारं बसतं. भांडण टक्क्याशी करू नका, मोजणीच्या कागदाशी करा, हे मी छपरीतल्या प्रत्येकाला सांगतो. निम्मे लोक ऐकत नाहीत. मोर्चात मजा असते, मोजणीच्या कागदात नसते.

मागच्या हिवाळ्यात नात्यातल्या एक काकी आल्या. गाव सांगत नाही. भंडारा-गोंदियात नगरपंचायती पुष्कळ आहेत. पदरात गुंडाळलेली नोटीस. ग्रामपंचायतीच्या वेळची पावतीही सोबत, प्लॅस्टिकच्या पिशवीत, लग्नपत्रिकेसारखी जपलेली. कर जवळजवळ चौपट.

"बाबूजी, घर तं तेच हाये ना जी. एक वीट नाही लावली."

नोटिशीत नुसती बेरीज होती. मी त्यांना मोजणी पत्रकाची नक्कल मागायला लावली. आठ दिवसांनी आली. त्यात लिहिलेलं: तळमजला, खोली एक, दोन, तीन; आणि चौथ्या ओळीत 'गाळा, बिगर निवासी, शटर'.

"काकी, दुकान कधी काढलंत?"

"कोनतं दुकान?"

थोडी डोकेफोड केल्यावर उलगडलं. रस्त्याच्या बाजूला त्यांचा गोठा. दोन म्हशी. मागच्या वर्षी बिबट्याच्या भीतीने मुलाने जुन्या दुकानाचं लोखंडी शटर स्वस्तात आणून गोठ्याला बसवलं होतं. मोजणारं पोरगं दुपारी आलं, शटर ओढलेलं होतं, त्याने दुकान लिहिलं. आत वाकून बघितलं असतं तर म्हशीनेच हरकत घेतली असती.

हरकत लिहायला पाऊण तास लागला. विषय एका ओळीत. मालमत्ता क्रमांक. पत्रकातली चौथी ओळ जशीच्या तशी उतरवायची आणि खाली 'सदर जागा गुरांचा गोठा असून' इथून सुरुवात. 'अन्याय', 'पिळवणूक', 'गोरगरीब जनता' हे शब्द मी गाळतो. सुनावणी घेणारा अधिकारी नगररचना खात्याचा असतो, तो दिवसाला शंभर कागद बघतो. त्याला चौथी ओळ दाखवली की पुरे. सोबत शटर उघडं ठेवून काढलेला फोटो, म्हशींसकट. फोटोत मुलगा हसत होता, तो परत काढायला लावला.

विकास योजनेच्या हरकती याहून किचकट. तिथे नकाशावर आपला गट क्रमांक शोधण्यातच पंधरा दिवस जातात, आणि आरक्षण पडलं की दहा वर्षं जमीन ना धड आपली ना सरकारची. दहा वर्षांत संपादन झालं नाही तर कलम १२७ची नोटीस देता येते. त्यावर पुन्हा कधीतरी. पालिकेचा ठरावच बेकायदेशीर वाटला तर नगरपरिषद अधिनियमाच्या कलम ३०८खाली जिल्हाधिकारी त्याची अंमलबजावणी थांबवू शकतो; पण ते हत्यार विरोधी नगरसेवकांनी इतकं परजलंय की धार बोथट झाली आहे.

काकींच्या नोटिशीची मुदत अशी की शेवटचा दिवस मंडईचा. आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते, दिवसा दंडार, रात्री नाटक, पाहुण्यांनी घरं भरलेली. त्या म्हणाल्या, उद्या देतो ना जी, एक दिवसानं काय होते. एक दिवसाने काय होतं, हे त्या छपरीत माझ्याइतकं कोणाला ठाऊक होतं? मी चप्पल घातली आणि त्यांच्या मुलाच्या गाडीवर मागे बसलो.

आवक टेबलावरचा मुलगा भला होता. अर्ज घेतला, म्हणाला, "ठेवा काका, टाकतो नंतर." मी दुसरी प्रत पुढे केली आणि म्हटलं, पोच. त्याने शिक्का मारला, सही केली. आवक क्रमांक पडला. मी चष्मा वर करून पाहिलं. शिक्क्यातलं गोल ठळक उमटलं होतं, पण तारखेची चकती मागच्या महिन्यावरच अडकलेली होती. त्याला दाखवलं. तो ओशाळला, पिनेने चकती फिरवली, शाईच्या डबीत दोन थेंब टाकले, आणि खालच्या मोकळ्या जागेत पुन्हा मारला. या वेळी तारीख वाचता आली.