आठ माग, एक जॉबर

इचलकरंजीत माझ्या मामांचे आठ साधे माग आहेत, धोट्याचे. तुटलेला धागा कामगार जोडतो; पण पट्टा तुटला, टॅपेट झिजला किंवा क्रँक गेला की हाक मामांनाच. मालक तेच, जॉबरही तेच. मी संख्याशास्त्र शिकवतो. रांगांच्या गणितात ज्याला ‘बंद जाळं’ म्हणतात, ते मला त्या शेडमध्ये दिसलं तितकं स्पष्ट फळ्यावर कधी दिसलं नाही. बाहेरून कोणी येत नाही, आतलं कोणी जात नाही. प्रत्येक माग एक तर चालू, नाही तर मामांच्या रांगेत.

गॉर्डन आणि न्यूवेल यांनी १९६७ मध्ये अशा जाळ्यांचं सुटसुटीत उत्तर दिलं, पण सेवेचा वेळ घातांकी वितरणाचा असेल तरच. म्हणजे दुरुस्ती सुरू होऊन कितीही वेळ झालेला असो, उरलेलं काम सरासरीने पहिल्याइतकंच. क्रँक खोलून बसलेल्या माणसाला हे पटणार नाही. मामांच्या वहीत बहुतेक कामं अर्ध्या तासाची होती, आणि अधूनमधून एखादं पाच-सहा तास खाणारं.

“सरासरी काढून काय करतोस? क्रँक गेला की दिवस गेला,” मामा म्हणाले.

त्यांचं म्हणणं मी मांडून पाहिलं. आकडे ढोबळ केले: माग सरासरी आठ तास चालतो, मग बिघडतो, दुरुस्तीला सरासरी एक तास, जो आधी बंद पडला तो आधी. प्रत्येक दुरुस्तीला बरोबर एक तास लागला, तर आठांपैकी सरासरी ६.४ माग चालू राहतात. घातांकी धरलं तर ६.१. आणि दहांतली नऊ कामं अर्ध्या तासाची, एक साडेपाच तासांचं असलं, तर ५.९. सरासरी तिन्हीकडे तोच एक तास! ठरावीक वेळेच्या दुरुस्तीचा हिशेब ब्रिटनमध्ये अ‍ॅशक्रॉफ्ट यांनी १९५० मध्येच करून ठेवला होता. खुल्या रांगेत फरक याहून मोठा पडतो. इथे आठच माग असल्यामुळे रांग फार वाढू शकत नाही, पण अर्धा माग कायमचा बंद राहणं छोट्या कारखान्याला परवडत नाही.

मामा मात्र रांग पाळतच नाहीत. क्रँकचं काम चालू असताना दुसरा माग थांबला की पाना खाली ठेवतात, पट्टा बसवून येतात आणि पुढे चालू करतात. मला याचं फार अप्रूप वाटलं. कारण शेवटी आलेल्याला आधी घ्यायचं आणि अर्धवट काम सोडलं तिथूनच पुढे न्यायचं, अशी पद्धत असली तर वेळांचं वितरण कसंही असो, उत्तर घातांकीइतकंच येतं. बास्केट, चँडी, मुंट्झ आणि पालासिओस यांनी १९७५ मध्ये हे व्यापक जाळ्यांसाठी सिद्ध केलं. म्हणजे ५.९ चे पुन्हा ६.१; बारा तासांच्या पाळीत एका मागाचे सुमारे अडीच तास वाचले. सगळी दुरुस्ती एकसारख्या वेळेची असती तर याच सवयीने नुकसान झालं असतं.

तुमचे माग असतील, तर वहीत महिन्याची बेरीज नको, प्रत्येक दुरुस्तीचा वेळ वेगळा लिहा.