आबोल, तोना, बेरेका

मु. अदिस अबाबा, इथिओपिया

प्रिय दादासाहेब यांस,

ज्या देशाच्या काफा भागातील अरण्यांत कॉफीचे झुडूप आजही आपोआप उगवते, आणि जेथून ते लाल समुद्रापलीकडे येमेनात व, परंपरा मानावयाची तर, सूफी संत बाबा बुडन यांच्याबरोबर आपल्या चिकमगळुरास पोहोचले, त्या देशात येऊनही कॉफी म्हणजे केवळ एक पेय असाच माझा ग्रह होता. काल एका गृहस्थांच्या घरी तो पार निकालात निघाला.

जमिनीवर ताजे हिरवे गवत अंथरलेले, शेजारी धुपाचा दरवळ, आणि ठेंगण्या चौरंगीवर बसलेली गृहिणी. तिने धुतलेले हिरवट दाणे कोळशाच्या शेगडीवरील लोखंडी तव्यात हलवीत हलवीत तडतडून काळे, तेलकट होईतो भाजले, आणि तो धुमसता तवा प्रत्येक पाहुण्यापुढे आणला. आपण आरती घेतो त्याप्रमाणे तो धूर ओंजळीने नाकाशी ओढून घ्यावयाचा, असा येथील दस्तूर. मग उखळात कुटणे, मग जेबेना नामक उंच मानेच्या काळ्या मातीच्या सुरईत उकळणे, आणि शेवटी हातभर उंचीवरून, थेंबही न सांडता, बिनकानाच्या इवल्या पेल्यांत धार सोडणे! सोबत मक्याच्या लाह्या. दुधाचे नाव नाही. साखर मात्र सढळ. (खेड्यांत मीठ किंवा लोणीही घालतात म्हणे, तो प्रसंग तूर्त टळला आहे.)

त्याच चोथ्यावर पुनःपुन्हा पाणी घालून तीन फेऱ्या होतात: आबोल, तोना, बेरेका. पहिली कडक, तिसरी अगदी फिकी. परंतु ती तिसरी आशीर्वादाची समजली जात असल्याने तिच्याआधी उठणे अशिष्टपणाचे. रसनेचा कौल अर्थातच पहिलीला. तथापि घरच्या मंडळींच्या खऱ्या गप्पा तिसरीपाशीच रंगल्या, हे मी कबूल करतो. येथील माणसे फलासकट उन्हात वाळविलेल्या हरारच्या बियांचा अभिमान बाळगतात. मला मात्र धुऊन वाळविलेली, फुलांच्या गंधाची यिर्गाचेफेची कॉफी अधिक मानवली.

आपल्या चिकोरीमिश्रित फिल्टर कॉफीविषयी माझी तक्रार नाही. पण एकवार माटुंग्याच्या कॉफीवाल्याकडून कच्चे बी आणवावे, वहिनींच्या परवानगीने घरच्याच तव्यावर भाजावे, आणि निदान पहिला पेला तरी दुधावाचून घ्यावा, ही विनंती.

आपला स्नेहांकित,
वसंत