उशिरा येणाऱ्यांसाठी

काल ११ जुलै, संत बेनेडिक्ट यांचा सण. सकाळच्या मिस्साला जाऊन आलो आणि घरात शिरताना सवयीने चौकटीवरच्या पदकाला हात लावला.

हे पदक आजीचे. जुन्या घराच्या दारावर तिनेच ठोकले होते. संताच्या एका हातात क्रूस, दुसऱ्या हातात पुस्तक, एका बाजूला फुटलेला प्याला, दुसऱ्या बाजूला कावळा. आजीचा सगळा भरवसा त्या प्याल्यावर. कडक शिस्तीला कंटाळलेल्या मठवासीयांनी द्राक्षारसात विष घातले आणि बेनेडिक्टनी क्रूसाची खूण करताच प्याला फुटला, ही पोप ग्रेगरींनी लिहून ठेवलेली गोष्ट ती अशी सांगायची की जणू शेजारच्या आळीत घडली! कावळ्याने विषारी भाकर लांब नेऊन टाकली, ही तिची दुसरी आवडती गोष्ट. पुस्तकाबद्दल मात्र ती कधी काही बोलली नाही.

पुस्तकाकडे मी वळलो ते निवृत्त झाल्यावर. पुतण्या फादर आहे, त्याने बेनेडिक्ट यांच्या नियमावलीचे इंग्रजी भाषांतर हातात ठेवले. माझे बी.ए. मराठी माध्यमातले. शब्दकोश शेजारी घेऊन महिनाभर पुरवून वाचले. लहान लहान ७३ प्रकरणे, सहाव्या शतकात इटलीत लिहिलेली. त्यांचा मोन्ते कासिनोचा मठ चार वेळा उद्ध्वस्त झाला. शेवटचा १५ फेब्रुवारी १९४४ ला, बॉम्बहल्ल्यात. तो पुन्हा उभा राहिला आणि १९६४ साली पोप सहावे पॉल यांनी तिथेच बेनेडिक्टना युरोपचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले. पण मला विचाराल तर भिंतींपेक्षा हे पुस्तकच जास्त टिकले. जगभरचे मठ आजही त्यावर चालतात.

प्रार्थना-उपास त्यात आहेतच. पण स्वयंपाकाची पाळी, आजाऱ्याची काळजी, माणशी द्राक्षारस किती, हेही आहे! मठाची अवजारे वेदीवरच्या पात्रांसारखी जपावीत असे त्यांनी लिहिले आहे. माझ्या वडिलांनी कुदळ-फावडे तसेच जपले. असो.

मी अडकलो ते ४३ व्या प्रकरणाशी. विषय: प्रार्थनेला उशिरा येणारे. मास्तर म्हणून मी सरसावून बसलो, आता शिक्षा कळणार! शिक्षा आहे. उशिरा येणाऱ्याने आपल्या जागी न जाता शेवटी किंवा वेगळे, सगळ्यांना दिसेल असे उभे राहायचे. पण त्याला बाहेर ठेवायचे नाही. का, तर बाहेर राहिला की तो परत जाऊन झोपेल, नाहीतर चकाट्या पिटत बसेल. आत आला तर निदान सगळेच बुडणार नाही. आणि त्याहून पुढचे म्हणजे, रात्रीच्या प्रार्थनेतले ९४ वे स्तोत्र (आपल्या बायबलात ९५ वे) मुद्दाम सावकाश म्हणायचे. ते संपेपर्यंत पोहोचला तो वेळेवर आला असे धरायचे.

पुस्तक मिटून ठेवले.

१९७८ च्या सुमारास माझ्या वर्गात एक मुलगा रोज उशिरा यायचा. घंटा झाली की मी दार लावत असे. वेळ म्हणजे वेळ! तो पहिला तास व्हरांड्यात काढायचा. पुढे दुसराही. दिवाळीनंतर तो आलाच नाही. पहाटेच्या गाडीने बापाबरोबर फुले घेऊन दादरला जायचा, तिथून परतून शाळा गाठायचा, हे मला नंतर कळले. मी कधी विचारलेच नव्हते. मुख्याध्यापकांनी माझ्या शिस्तीचे कौतुक केले होते, तेही आठवते.

तो आमच्याच धर्मग्रामातला. आता साठीचा. अजूनही ‘सर’ म्हणतो, गाडीत भेटला तर उठून जागा देतो. त्या दिवसांविषयी आम्ही कधी बोललो नाही. मला विषय काढता आलेला नाही.

काल मिस्सा सुरू झाल्यावर तो आला आणि मागे खांबाशी उभा राहिला. मी शेवटच्या बाकावर होतो. त्याला खूण केली आणि सरकून बसलो.