कुंडलिकेचे पाणी आणि आपली भीती

"पाण्याजवळ जाऊ नको" हे आपल्या घराघरांतून ऐकू येते. आईने ते तिच्या आईकडून ऐकलेले असते. ज्यांना विहिरीवर, नदीच्या घाटावर पाय ठेवू दिला जात नव्हता, त्यांच्या लेकरांनी पोहायला शिकावे तरी कुठे? आमच्या विहारातील तरुणांनी कोलाडला राफ्टिंगची सहल ठरविली, तेव्हा मी पहिला प्रश्न हाच केला, "पोहता येत नाही, बुडालो तर?"

रायगड जिल्ह्यातील कुंडलिका नदीचे एक वेगळेपण आहे. मुळशी धरणाचे पाणी मोठमोठ्या नळांतून सह्याद्री उतरून भिऱ्याच्या वीजकेंद्रात येते. वीज तयार झाली की ते कुंडलिकेत सोडतात. म्हणून पावसाळा संपल्यावरही सकाळी नदीला चांगला वेग असतो. भिऱ्याचे केंद्र १९२७ साली सुरू झाले. त्याच वर्षी २० मार्चला, त्याच जिल्ह्यात (तेव्हाचा कुलाबा), महाडला परमपूज्य बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. एकीकडे पाण्यावर वीज तयार होत होती आणि दुसरीकडे माणसाला पाण्याला हात लावण्यासाठी सत्याग्रह करावा लागत होता!

रात्री नदीकाठी तंबूत मुक्काम झाला. त्रिसरण-पंचशील घेऊन आम्ही जेवायला बसलो. गाईडने बजावले, "दारू प्यायलेल्याला मी होडीत घेणार नाही." मुलांना म्हटले, बघा, आपले पाचवे शील इथे जीव वाचवते.

सकाळी गाईडने विचारले, "पोहता कुणाला येते?" आम्हा आठांत दोनच हात वर झाले. त्याने आमच्या लाइफ जॅकेटचा प्रत्येक पट्टा स्वतः ओढून पाहिला, डोक्याला हेल्मेट घातले. पाण्यात पडलात तर उताणे व्हा, पाय प्रवाहाच्या दिशेला पुढे ठेवा. वाहत्या पाण्यात उभे राहू नका, पाय दगडांत अडकतो. मी हे दोनदा म्हणवून घेतले. तो रागावला नाही.

पहिल्या खळाळात होडीचे नाक वर उडाले, तोंडावर पाणी आले. "फॉरवर्ड!" गाईड ओरडला आणि आम्ही सगळ्यांनी एकदम वल्ही मारली. एकट्याच्या जोरावर ती रबरी होडी हलत नाही, सगळ्यांची वल्ही एका तालात पडली की ती लाटेतून पार होते. काही वेळाने माझी मूठ सैल झाली. भीती गेली नव्हती, पण ती आता मला कामाला लावत होती.

बंधू-भगिनींनो, पाण्याचा हक्क बाबासाहेबांनी मिळवून दिला. पाण्याची विद्या आपण मिळवायची आहे. जवळ नगरपालिकेचा तलाव असेल तर मुलांना, विशेषतः मुलींना, शिक्षकाच्या देखरेखीखाली पोहायला घाला. नुसते "जाऊ नको" म्हणण्यापेक्षा "शिकून जा" म्हणा.

जयभीम!