मागच्या बाजूची तारीख

अण्णा ठाण्यात खोपटच्या एसटी आगारात कंडक्टर होते. निवडणुकीचे दिवस आले की ड्युटीवरून आल्यावर आधी हातपाय धुवायचे, मग चहा घ्यायचे आणि चहा झाला की खाटेखालची पत्र्याची पेटी पुढे ओढायचे. पेटीत प्रचाराची पत्रकं होती. दारात आलेलं पत्रक कुठल्याही पक्षाचं असो, ते उलटं करून कोऱ्या जागेत पेन्सिलीनं तारीख घालायची आणि मगच ते पेटीत ठेवायचं, ही त्यांची रीत. पेन्सिलीचं टोक जिभेला लावायची त्यांची सवय आईला अजिबात आवडत नसे.

मुलगी तेव्हा नऊ-दहा वर्षांची. ठाणे महापालिका 1982 मध्ये झाली आणि पहिली निवडणूक 1986 मध्ये आली. त्या वर्षी चाळीत पत्रकांचा नुसता पाऊस पडला. पुढची बाजू इतकी रंगीत, हात जोडलेले फोटो, नळाच्या पाण्याचं वचन, आणि अण्णा लिहितात मागे, हे तिला कळेना. तिनं विचारलं.

"वेबिल आहे हे," अण्णा म्हणाले. "तिकिटं किती फाडली ते वेबिलावर असतं, पैसे पिशवीत असतात. रात्री आगारात दोन्हींचा मेळ बसला पाहिजे. शॉर्ट आली तर माझ्या पगारातून कापतात. यांची शॉर्ट कोणाच्या पगारातून जाते, ते बघायचंय मला."

हे वाक्य तिच्या डोक्यात तेव्हापासून बसलं आहे. पुढे ती शिकली, लग्न होऊन डोंबिवलीला गेली, लिहायला लागली. राजकारण्यांनी भूमिका बदलली की मतदारानं मनावर घ्यावं का, हा प्रश्न तिनं चर्चासत्रांत ऐकला, लोकलच्या डब्यातही ऐकला. डब्यातलं उत्तर ठरलेलं असतं: सगळे सारखेच. तिला हे उत्तर कधीच पटलं नाही. सगळे सारखे म्हटलं की हिशेब करायचं कामच उरत नाही, आणि हिशेब न ठेवणाऱ्या माणसाच्या हातात ती वाढली नव्हती.

ठाण्यात या प्रश्नाला फार जुनी आणि दुखरी बाजू आहे. 1989 मध्ये महापौरपदाच्या निवडणुकीत शिवसेनेची काही मतं फुटली आणि पद हातचं गेलं. त्यानंतर, मत फोडल्याचा संशय ज्याच्यावर होता त्या श्रीधर खोपकर या नगरसेवकाचा खून झाला. शिवसेनेचे ठाण्यातले नेते आनंद दिघे यांना टाडाखाली अटक झाली आणि पुढे ते जामिनावर सुटले. खोपटपासून दिघे यांचा टेंभी नाका चालत जाण्याच्या अंतरावर. त्या दिवसांत चाळीतल्या गॅलरीत माणसं आवाज खाली करून बोलायची, एवढं तिला आठवतं. 'गद्दार' हा शब्द ठाण्यात तेव्हापासून साध्या शिवीसारखा वापरता येत नाही, त्याला वजन आहे. पण अण्णांचं म्हणणं वेगळं होतं. नगरसेवकानं पक्षाला फसवलं की नाही यावर शहर पेटतं, पण त्याला मत देणाऱ्या वॉर्डातल्या माणसाचं काय, हे कोणी विचारत नाही, असं ते म्हणायचे. निष्ठा वर, नेत्याकडे मोजली जाते. खाली, मतदाराकडे मोजायचं माप कोणी बनवलेलंच नाही.

माप बनवायचा प्रयत्न झाला होता, आणि तो एका मराठी माणसाच्या अध्यक्षतेखाली. 1967 च्या निवडणुकांनंतर देशभर आमदारांनी पक्ष बदलण्याचा सपाटा लावला. हरियाणात गयालाल यांच्यामुळे 'आयाराम गयाराम' हा शब्द देशाला मिळाला. तेव्हा गृहमंत्री असलेल्या यशवंतराव चव्हाणांच्या अध्यक्षतेखाली पक्षांतराचा विचार करायला समिती नेमली गेली. जयप्रकाश नारायणही तिच्यात होते. वर्षभरात 438 पक्षांतरं झाल्याचं आणि पक्ष बदललेल्या 210 आमदारांपैकी 116 जण मंत्री झाल्याचं त्या काळात नोंदलं गेलं. निम्म्याहून जास्त! अण्णांच्या भाषेत, इथे शॉर्ट बदलणाऱ्याच्या खिशातून गेलीच नाही, उलट त्याला बोनस मिळाला.

पक्षांतरबंदीचा कायदा यायला 1985 उजाडलं. घटनेत दहावी अनुसूची आली, पण एक तृतीयांश आमदार फुटले तर ती 'फूट' म्हणून चालायची. 2003 मध्ये ती पळवाट बंद झाली आणि दोन तृतीयांशांच्या विलीनीकरणाची उरली. म्हणजे एकट्यानं गेलात तर आमदारकी जाते, घोळक्यानं गेलात तर टिकते. मतदाराला घोळक्याची मोजदाद करून काय मिळतं, हे तिला आजवर उमगलेलं नाही.

याच यशवंतरावांची दुसरी गोष्ट पेटीत नव्हती, पण अण्णा ती सांगायचे, कारण अण्णांच्या वडिलांनी संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत लाठी खाल्ली होती. यशवंतराव द्विभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री. संयुक्त महाराष्ट्र समितीच्या सभांत त्यांच्यावर काय काय बोललं गेलं, त्याला हिशेब नाही. 1957 च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रानं काँग्रेसला झोडपलं आणि यशवंतराव स्वतः कराडमधून थोडक्यात वाचले. त्यानंतर त्यांनीच दिल्लीला समजावलं की द्विभाषिक चालणार नाही, आणि 1 मे 1960 ला महाराष्ट्र झाला. भूमिका बदलली, नेहरूंचीही बदलली. कोणाला ती गद्दारी वाटली नाही, कारण आधी मत पडलं होतं आणि मग माणूस वळला होता. चिंतामणराव देशमुखांचं उदाहरण याच्या शेजारी ठेवावं. कुलाब्याचे खासदार, केंद्राचे अर्थमंत्री. 1956 मध्ये मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी मंत्रिपद सोडलं. सरकारशी जमेना तेव्हा किंमत त्यांनी स्वतः मोजली.

म्हणून तिचा भूमिका बदलण्यावर राग नाही. साठ वर्षं एकच वाक्य म्हणणारा नेता तिला भीतीदायक वाटतो. ती बघते फक्त मागची बाजू: तारीख मतदानाच्या अलीकडची आहे की पलीकडची.

या एका कसोटीवर पेटीतली पत्रकं लावत गेलं की ती आपोआप दोन ढिगांत पडतात. आनंद परांजपे 2009 मध्ये कल्याणमधून धनुष्यबाणावर खासदार झाले. 2014 मध्ये तेच घड्याळ घेऊन त्याच कल्याणच्या मतदारांपुढे आले आणि हरले. तिनं दोन्ही वेळा डोंबिवलीत मत दिलं होतं, आणि दोन्ही पत्रकं तिनं अण्णांना नेऊन दिली. त्यांनी ती शेजारी शेजारी ठेवली. "हा हिशेब जुळतो," म्हणाले. "नवी पाटी लावून दारात आला, लोकांनी नाही म्हटलं, विषय मिटला."

दुसरा ढीग मोठा आहे. 1999 मध्ये काँग्रेस आणि नवी राष्ट्रवादी एकमेकांविरुद्ध लढल्या, सोनिया गांधींच्या मुद्द्यावर पक्ष फुटला होता. निकाल लागला आणि महिन्याभरात दोघे एकत्र सत्तेत. 2019 मध्ये शिवसेना-भाजप युती म्हणून मतं मागितली गेली, आणि 28 नोव्हेंबरला उद्धव ठाकरे यांनी दोन्ही काँग्रेसच्या पाठिंब्यावर मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. त्याआधी पाचच दिवस अजित पवारांची पहाटे देवेंद्र फडणवीसांबरोबर शपथ घेऊन झाली होती. जून 2022 मध्ये एकनाथ शिंदे आमदारांना घेऊन सुरतेला आणि तिथून गुवाहाटीला गेले, 30 जूनला मुख्यमंत्री झाले. जुलै 2023 मध्ये अजित पवार पुन्हा भाजपबरोबर गेले. प्रत्येकाकडे कारण होतं, काहींचं वजनदारही होतं. पण या सगळ्या तारखा मतदानाच्या पलीकडच्या आहेत, आणि त्यातली कुठलीही बाजू दुसरीला दोष देऊ शकत नाही.

कल्याण-डोंबिवली महापालिकेची 2015 ची निवडणूक तर तिनं घराच्या खिडकीतून पाहिली. राज्यात शिवसेना-भाजप एका मंत्रिमंडळात, आणि महापालिकेत एकमेकांच्या उरावर. 27 गावं 2002 मध्ये पालिकेतून बाहेर काढली होती, ती त्याच वर्षी जूनमध्ये पुन्हा आत घेतली, आणि निवडणूक तोंडावर येताच ती वगळायच्या हालचाली सुरू झाल्या. मुख्यमंत्र्यांनी 6500 कोटींचं पॅकेज जाहीर केलं. भाजपवर आरोप करत एकनाथ शिंदे यांनी भर प्रचारसभेत मंत्रिपदाचा राजीनामा जाहीर केला. निकालानंतर दोन्ही पक्ष महापालिकेत एकत्र आले, महापौर शिवसेनेचा झाला. गावातल्या ज्या बाईकडून ती भाजी घ्यायची, तिचा प्रश्न एवढाच होता: आमच्या गावाचं पाणी आता कोणाकडे मागायचं?

टोलचंही तसंच. 'टोलमुक्त महाराष्ट्र' हे आश्वासन 2014 च्या पत्रकावर छापलेलं आहे. मुंबईच्या वेशीवरचे पाच नाके हलक्या वाहनांना मोकळे झाले ते 14 ऑक्टोबर 2024 च्या मध्यरात्री. विधानसभा निवडणुकीची घोषणा दुसऱ्या दिवशी, 15 ला झाली. टोल गेला याचा ठाणेकरांना आनंद झाला, तिलाही झाला. पण दहा वर्षं आनंदनगर नाक्याच्या रांगेत पैसे भरणाऱ्यांची शॉर्ट कुठे जमा झाली?

एक पत्रक मात्र, 2013 च्या ठाणे बंदचं, ती कुठल्याच ढिगात ठेवू शकलेली नाही. 4 एप्रिल 2013 ला शीळफाट्याजवळ लकी कंपाउंडमधली बेकायदा इमारत कोसळली, 74 माणसं गेली. अनधिकृत बांधकामाला माफी नाही, असं तेव्हा सगळेच म्हणाले. पालिकेनं धोकादायक इमारती पाडायला घेतल्या, आणि दोनच आठवड्यांत पाडकामाविरुद्ध ठाण्यात बंद झाला. मनसे सोडली तर त्यात जवळपास सगळे पक्ष होते. ती चिडून खोपटला आली. इतक्या लवकर कसे फिरतात हे लोक? अण्णा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "फिरवलं कोणी? त्या इमारतींत माणसं राहतात. त्यांनीच दार वाजवलं असेल ना. घर पाडलं तर जायचं कुठे, ते पालिकेनं सांगितलंय का?" तिच्याकडे उत्तर नव्हतं. मतदाराच्या दबावानं बदललेली भूमिका चांगली, हे तिचं सूत्र यशवंतरावांना लावलं तर बसत होतं, इथे लावताना हात थरथरत होता. अशा इमारतींचा एकत्रित पुनर्विकास करायच्या क्लस्टर योजनेची मागणी तेव्हाही जुनीच होती. ठाण्यातल्या किसननगरमध्ये त्या कामाचं भूमिपूजन झालं ते जून 2023 मध्ये. मधली दहा वर्षं ती माणसं त्याच भिंतींत राहिली.

त्या पत्रकाच्या मागे अण्णांनी तारीख घातली आहे आणि पुढे एक प्रश्नचिन्ह. त्यांच्या हातचं तसं दुसरं कुठेही नाही.

2019 च्या लोकसभेला राज ठाकरे यांनी 'लाव रे तो व्हिडिओ' म्हणत पडद्यावर जुनी भाषणं दाखवली. स्वतःचा एकही उमेदवार उभा केला नव्हता. अण्णा टीव्हीसमोर अक्षरशः टाळ्या वाजवत होते, आपली पेटी कोणीतरी शिवाजी पार्कात उघडली म्हणून. 2024 च्या पाडव्याला त्याच नेत्यानं ज्यांच्याविरुद्ध ते व्हिडिओ लावले होते त्या मोदींना बिनशर्त पाठिंबा दिला. हे पाहायला अण्णा नव्हते. पण तारीख मतदानाच्या आधीची होती, त्यामुळे त्यांनी पत्रक पहिल्या ढिगात टाकलं असतं, अशी तिची खात्री आहे.

ठाण्यानं नंतर कौल दिलाच. 2024 मध्ये लोकसभेला शिंदे यांच्या शिवसेनेच्या नरेश म्हस्के यांनी ठाकरे गटाच्या राजन विचारे यांचा दोन लाखांहून जास्त मतांनी पराभव केला. विधानसभेला कोपरी-पाचपाखाडीत एकनाथ शिंदे यांच्यासमोर आनंद दिघे यांचे पुतणे केदार दिघे उभे होते, आणि शिंदे लाखाहून अधिक मतांनी जिंकले. मग 2022 चं झालंगेलं सगळं धुतलं गेलं का? तिला वाटतं, आमदार-खासदारांच्या बाबतीत मतदार बोलला आणि ते मान्य केलं पाहिजे. तिला सलतं ते दुसरं. ठाणे महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली, कल्याण-डोंबिवलीची तर नोव्हेंबर 2020 मध्येच. जुलै 2022 मध्ये ठाण्यातल्या शिवसेनेच्या 67 माजी नगरसेवकांपैकी 66 शिंदे यांच्याकडे गेले, आणि त्यानंतरही प्रशासकच कारभार करत राहिला. मत द्यायला मिळालं ते 15 जानेवारी 2026 ला. गटार, पाणी, रस्ता ज्याच्याकडे मागायचा, तोच माणूस पाटी बदलून बसला होता, आणि साडेतीन वर्षं त्याला विचारायची सोय नव्हती. भूमिकाबदलाचा खरा घाव तिला इथे दिसतो. बदल होतात तेव्हाच निवडणूक नसेल, तर वेबिल जमा करायची खिडकीच बंद असते.

आईसाठी ती आता पुन्हा खोपटला राहते. जानेवारीत प्रचाराला चार-पाच पोरं दारात आली. एका प्रभागात चार जागा, म्हणून पत्रकावर चार फोटो. त्यातल्या एका चेहऱ्यावर तिचं बोट थांबलं. तिनं पत्रक देणाऱ्या मुलाला आत बोलावलं आणि पेटीतून 2017 चं पत्रक काढलं. तोच माणूस, केस जास्त काळे, चिन्ह निराळं, आणि आता ज्यांच्या शेजारी उभा आहे त्यांच्यावर तेव्हा केलेली टीका ठळक अक्षरांत.

मुलगा विशी-बाविशीचा. पहिल्यांदाच मत देणार होता. उंबऱ्यावर बसून त्यानं दोन्ही पत्रकं मांडीवर घेतली आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. खालून कोणीतरी त्याला हाका मारत होतं.

"काकू, मी फोटो काढू का याचा?"

"काढ की," ती म्हणाली, आणि जुनं पत्रक उलटं करून त्याच्या हातात दिलं. "मागचाही काढ. तारीख नीट येऊ दे."

पेन्सिल पुसट झाली होती. त्यानं पत्रक गॅलरीतल्या उजेडात धरलं.