तिथीचं पाणी

समुद्रकाठी वाढलेल्या माणसाला पंचांग कोणी शिकवावं लागत नाही. श्रीवर्धनला आमच्या घरी सणवार नंतर, आधी तिथी पाहिली जायची, कारण पाणी तिथीवर चालतं. तिथीची पाऊणपट करायची. तेवढ्या वाजता साधारण भरती पूर्ण होते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पुनवेला आणि अवसेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. लाटांचा मात्र असा हिशेब नव्हता. आषाढात समुद्र अंगावर धावून येतो, तेव्हा त्यात कोणी शहाणा उतरत नाही. माघात तोच इतका सपाट होतो की लाटेवर अंग झोकून द्यायला निघालेली पोरं गुडघाभर पाण्यात नुसती उभी राहतात. लाट वाऱ्याच्या मर्जीवर. भरवसा होता तो भरतीचा.

नोकरीनं उज्जैनला आणलं तेव्हा समुद्र सुटणार हे उघडच होतं. समुद्र नाही तर नदी, असं म्हणून मी क्षिप्रेकाठच्या रामघाटाजवळ खोली घेतली. क्षिप्रेची ओळख व्हायला एक वर्ष पुरं लागतं, कारण ती वर्षभर एक नदी नसते. श्रावण-भाद्रपदात माळव्याच्या पठारावर दोन-तीन दिवस सलग पाऊस पडला की घाटावरची छोटी देवळं कळसापर्यंत बुडतात, पलीकडे जायचा बुटका पूल दिसेनासा होतो आणि इथली पट्टीची पोहणारी मुलं देवळांच्या माथ्यावरून उड्या टाकतात. मग दिवाळी होते, शेतात गहू-हरभरा उभा राहतो, विहिरी आणि बोअर उपसायला लागतात, आणि जमिनीखालून नदीकडे झिरपणारं पाणी वाटेतच संपतं. इंदूरच्या बाजूच्या टेकड्यांतून निघालेल्या या नदीला बर्फाचा आधार नाही. जे आहे ते पावसाचं आणि मातीनं धरून ठेवलेलं. माघ-फाल्गुनात बंधाऱ्यांमध्ये अडलेलं हिरवट पाणी पायऱ्यांशी उभं असतं, आणि गावाच्या वरच्या अंगाला, त्रिवेणी घाटाजवळ, इंदूरचं सांडपाणी घेऊन आलेली कान्ह नदी तिला मिळते.

तरीही सोमवती अमावास्या आली की खेड्यापाड्यांतून ट्रॅक्टर भरभरून माणसं येतात. त्यांना या दिवशी या नदीत बुडी मारायचीच असते. माझ्या शेजारच्या जोशीकाकू तीन पिढ्यांच्या उज्जैनकर. अवसेच्या आदल्या दिवशी त्या गॅलरीतून विचारतात, ‘अगं, पाणी सोडलं का?’ पहिल्यांदा हा प्रश्न ऐकला तेव्हा मी थबकले. आमच्याकडे अवसेला पाणी येतं. इथे ते सोडावं लागतं.

हे सोडलेलं पाणी नर्मदेचं. २०१४ साली ओंकारेश्वरच्या जलाशयातलं पाणी पंपांनी टप्प्याटप्प्यानं सुमारे साडेतीनशे मीटर उंच चढवून, पन्नासएक किलोमीटरच्या वाहिनीतून क्षिप्रेच्या उगमापाशी, उज्जैनी गावाजवळ आणून सोडण्यात आलं. २०१६ चा सिंहस्थ त्याच पाण्यावर पार पडला. नकाशा समोर ठेवला की या पाण्याचा प्रवास मनात घर करतो. नर्मदा भडोचपाशी अरबी समुद्राला मिळते. क्षिप्रा मात्र उत्तरेला वळते. तिचं पाणी चंबळेत, तिथून यमुनेत, गंगेत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात जातं. म्हणजे रामघाटावर ओंजळीत येणारं पाणी खरं तर माझ्या समुद्राकडे निघालं होतं. माणसांनी ते उचललं आणि पाणलोट ओलांडून दुसऱ्या समुद्राच्या वाटेला लावलं. माझंही काहीसं तसंच झालेलं असल्यामुळे त्या पाण्याशी माझं नातं लवकर जुळलं.

पण उचललेल्या पाण्यालाही कोणाच्या तरी लक्षात राहावं लागतं. ५ जानेवारी २०१९ ला शनिश्चरी अमावास्या होती आणि त्रिवेणी घाटावर पाणीच नव्हतं. भाविकांना चिखलात स्नान उरकावं लागलं. त्यानंतर आयुक्त आणि जिल्हाधिकारी दोघांच्याही बदल्या झाल्या. चंद्र वेळेवर होता. चुकली ती माणसं.

तिथी पाण्यावाचून कशी कोरडी पडते हे उज्जैनला सगळ्यांत जास्त टोचायला हवं, कारण तिथीचं गणित याच गावात वाढलं. भारतीय ज्योतिषाची मध्यरेषा इथूनच जाते असं मानून वराहमिहिर, ब्रह्मगुप्त यांच्या परंपरेनं काळ मोजला. अठराव्या शतकात सवाई जयसिंगांनी क्षिप्रेजवळ वेधशाळा बांधली. १९२३ साली माधवराव शिंद्यांनी तिचा जीर्णोद्धार केला, आणि १९४२ पासून तिथून दरवर्षी ग्रहस्थितीचं पंचांग निघतं. सुट्टीच्या सकाळी मी तिथल्या सम्राट यंत्राच्या, म्हणजे भल्या मोठ्या सूर्यघड्याळाच्या, सावलीपाशी जाऊन उभी राहते. चंद्र सूर्याच्या १२ अंश पुढे सरकला की एक तिथी होते. आकाशाच्या फिरण्यात १२ अंश म्हणजे ४८ मिनिटं, साधारण पाऊण तास. चंद्र रोज जवळपास तेवढा उशिरा माथ्यावर येतो, आणि भरतीही रोज जवळपास तेवढीच उशिरा चढते. आमच्या कोळीवाड्यात तोंडपाठ असलेली पाऊणपट ती हीच! त्या यंत्राच्या भिंतीपाशी हे उमगलं तेव्हा समुद्र आणि उज्जैन यांच्यामधला लांबचा पल्ला एकदम मिटला.

या वाटेनं माझ्याआधीही माणसं आली आहेत. पेशव्यांचं भट घराणं श्रीवर्धनचं. त्यांचे सरदार राणोजी शिंदे उज्जैनला बसले. राणोजींचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर कोकणातले सारस्वत. आजचं महाकालेश्वराचं मंदिर उभं राहिलं ते त्यांच्या जीर्णोद्धारातून. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी राजधानी ग्वाल्हेरला नेली, पण मराठी घरं इथे राहिली. ज्या गावात पोट भरायला आलो त्या गावाचं देऊळ पडलेलं असेल तर ते आपण उभं करायचं, हा रामचंद्रबाबांचा धडा मला फार मोलाचा वाटतो. आज पडझड झाली आहे ती नदीची.

आई फोनवर सांगते, ‘आज पुनव गं, पाणी पार सुरूच्या बनापर्यंत आलंय.’ मला भरून येतं, पण हल्ली त्यात नुसती ओढ नसते. समुद्रानं माझे लाड केले. तिथे चंद्र राबतो आणि आपण नुसतं उतरायचं. इथे चंद्र फक्त दिवस नेमून देतो. पाणी माणसांनी राखायचं असतं. २०२८ च्या सिंहस्थासाठी क्षिप्रेचंच पावसाळी पाणी सिलारखेडीच्या जलाशयात साठवून उन्हाळ्यात परत नदीत सोडायचं आणि कान्हचं सांडपाणी बंद वाहिनीतून बाजूनं काढून द्यायचं, अशी कामं हाती घेतली आहेत. ती पुरी व्हायलाच हवीत. मात्र पर्वणी ठरावीक दिवसांची असते आणि नदीला बारा महिने जगायचं असतं. ओढ्यानाल्यांच्या काठी झाडं टिकली, शेतातलं पाणी शेतात मुरलं, उपसा आवरला, तरच माघातही क्षिप्रा स्वतःच्या पायांनी चालेल. पाण्यावर प्रेम करणारा माणूस कामासाठी कुठेही गेला तरी तिथल्या पाण्याचा देणेकरी होतो, आणि ते देणं पुनव-अवस पाहून फेडायचं नसतं.