शीर्षक किती लांब?

सातारा, मंगळवार, 9 सप्टेंबर 2025
कास रस्त्यावरच्या एका घरगुती निवासाचं संकेतस्थळ दुरुस्तीला आलंय. फुलांचा हंगाम सुरू, खोल्या रिकाम्या. गूगलच्या शोधात दिसणारं पहिल्या पानाचं शीर्षक नुसतं ‘होम’! पश्चिम घाटाबरोबर 2012 साली कास पठारही जागतिक वारशाच्या यादीत गेलं, लांबलांबून लोक येतात. त्यांतला कोण ‘होम’ म्हणून शोधणार? ‘कास पठाराजवळ राहण्याची सोय, सातारा’ असं केलं.

सांगली, गुरुवार, 11 सप्टेंबर
मार्केट यार्डातल्या हळदीच्या दुकानाच्या शीर्षकात नेमकं उलटं. आधी पेढीचं नाव, मग सगळा पत्ता, मग ‘हळद, हळकुंड, हळद पावडर, अस्सल हळद, सांगली हळद’. मालक म्हणाले, “जेवढं जास्त लिहू तेवढं वर येणार ना?”

तसं नाही. शीर्षकाच्या लांबीला गूगलनं मर्यादाच घातलेली नाही. पडद्यावर मावतं तेवढं दिसतं, पुढचं टिंबांत जातं. तेच तेच शब्द कोंबू नका, हे मात्र गूगलनं स्पष्ट सांगितलंय. मालकांच्याच फोनवर शोधून दाखवलं. शीर्षक पत्त्यातच संपलं होतं. सांगलीच्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं, इथल्या राजापुरी वाणाचं नाव सगळ्या बाजारपेठांत आहे, आणि इथे गिऱ्हाइकाला दिसतोय गाळा नंबर! मालक बराच वेळ फोनकडे बघत राहिले. मग म्हणाले, “राजापुरी पुढं घ्या. पत्ता आत टाका.”

‘राजापुरी हळद, घाऊक विक्री, सांगली’. पेढीचं नाव शेवटी.

सातारा, शनिवार, 13 सप्टेंबर
‘शीर्षक साठ अक्षरांत बसवा’ हा नियम जो तो सांगतो. मराठीत तो फसवा आहे. ‘सांगलीची’ हा शब्द आपल्याला चार अक्षरी. संगणक आठ चिन्हं मोजतो, कारण काना, वेलांटी, अनुस्वार त्याच्या लेखी वेगळे. त्यामुळे आकडा साठवर गेला तरी पडद्यावर जागा उरलेली असू शकते. खरी मर्यादा रुंदीची. आकड्याच्या धाकानं आपलीच मंडळी गावाचं नाव छाटतात, याचा मला मनापासून राग येतो. लांबी कमी केली म्हणून क्रमांक चढत नाही. गिऱ्हाईक शोधतं तो शब्दच छाटला, तर मात्र नुकसान ठरलेलं.

शीर्षक पानाशी जुळत नसेल, तर गूगल ते बदलून पानावरचा दुसरा मजकूर दाखवतं. ऑगस्ट 2021 मध्ये ही पद्धत बदलली, तेव्हा बरीच ओरड झाली. महिन्याभरात त्यांनीच सांगितलं, की सुमारे 87 टक्के वेळा पानाचं मूळ शीर्षकच वापरतो. म्हणजे लिहिणाऱ्याचा शब्द अजून चालतो.

सांगली, मंगळवार, 30 सप्टेंबर
शोधातले क्रमांक आणि क्लिक दाखवणारं गूगलचं सर्च कन्सोल उघडून हळदीच्या मालकांसोबत बसलो. ‘राजापुरी हळद’ या शोधात पानाचा क्रमांक जवळपास तिथेच आहे. क्लिक मात्र वाढलेत.

संकेतस्थळ असलेल्या प्रत्येक दुकानदाराला माझं सांगणं आहे: आज स्वतःच्या फोनवर तुमचा माल शोधा, आणि शीर्षक कुठे तुटतंय ते बघा.